अहेरीच्या बोर्डावरचं इत्यादी

आमची कंपनी मोहफुलं विकते. एवढं साधं वाक्य. पण गेल्या सालापर्यंत चंद्रपूरच्या आमच्या ऑफिसात सोमवारच्या मीटिंगला कोणी परका माणूस येऊन बसला असता, तर त्याला हे ओळखता आलं नसतं. एक जण मधाच्या बाटलीचं झाकण गळतं म्हणून बोलायचा. दुसरा बांबूच्या पेनस्टँडचे नमुने टेबलावर मांडायचा. तिसऱ्याला सीताफळाच्या गराची काळजी. आणि कोणीतरी हमखास विचारायचं की हळद घेतली तर काय बिघडलं, नाहीतरी गाडी त्या बाजूला जातेच. या 'नाहीतरी गाडी जातेच'नं आमचा जेवढा घात केला तेवढा एखाद्या दुष्मनानंही केला नसता.

मी टेबलाच्या टोकाला बसलेला असायचो. कंपनी मी काढलेली, शेवटचा शब्द माझा. तो शब्द मी कधी उच्चारायचोच नाही.

मी मूळचा स्टोअरमधला माणूस. गडचांदूरकडच्या एका सिमेंट कारखान्यात बेअरिंगा, पट्टे आणि नट-बोल्ट देण्याघेण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. स्टोअरच्या खिडकीवर एक गोष्ट शिकलो. मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणायची गरज नसते. नुसतं गप्प राहायचं. तो थोडा वेळ उभा राहतो, मनातल्या मनात शिव्या देतो आणि निघून जातो. भांडण नाही, वाईटपणा नाही. कंपनी काढल्यावर मी तीच खिडकी घेऊन टेबलाशी बसलो. माझ्या लक्षात आलं नाही की इथं माणसं निघून जात नाहीत. मालक गप्प म्हणजे मालकाचा होकार, असं समजून कामाला लागतात.

आणि मग मी चिडायचो. घरी येऊन बायकोपुढं बडबडायचो की यांना अक्कल नाही, मोहफुलांच्या कंपनीत बांबूचं काय काम. ती भाजी निवडता निवडता म्हणायची, हे तिथं बोला ना, मले सांगून का उपयोग. तिला अवघड जायचं ते वेगळंच, कारण बांबू आणला होता तिच्या भावानं.

हा माझा साळा अहेरीचं ऑफिस पाहायचा. मुळात कंपनी सुचली तीच त्याच्यामुळं. सासुरवाडी अहेरीच्या पलीकडं, जंगलाला लागून. तिकडं फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पाला पेटवून देतात. जमीन काळी, साफ होते आणि सकाळी पडलेली पिवळी फुलं त्या काळ्यावर लांबून दिसतात. वेचायला सोपं जातं. पण फुलाला राख लागते, माती लागते, आणि वारा सुटला की आग एका झाडाखाली थांबत नाही. साळ्यानं कुठंतरी पाहिलं होतं की झाडाखाली जमिनीपासून हातभर वर हिरवी जाळी बांधली, तर फूल मातीला लागतच नाही. पालाही जाळायला नको. तशी फुलं वाळवून आम्ही नागपूर-पुण्याच्या बेकरीवाल्यांना आणि लाडूवाल्यांना दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन वास घेतला आणि मागणी केली. नातेवाइकांत माझं नाव मात्र 'दारूवाले जवाई' पडलं. लाडूचा डबा घेऊन लग्नाला गेलो तरी लोक डोळा मारून विचारतात, खरा माल कुठी ठेवला.

तर आमचं काम एवढंच होतं. फुलं पडायच्या आधी गावागावांत जाळ्या पोचवायच्या आणि जाळीवरची फुलं चांगल्या भावात उचलायची. जाळ्या कंपनीच्या. हंगाम संपला की त्या गोळा करून, फाटलेल्या शिवून अहेरीच्या गोदामात ठेवायच्या. गावात ठेवल्या की पावसाळ्यात त्यांचं कोंबड्यांचं कुंपण नाहीतर दोडक्याचा मांडव होतो, हे पहिल्याच वर्षी पाहून झालं होतं.

सगळ्यात आधी जे गाव तयार झालं ते सासुरवाडीच्या शेजारचं, आणि तेही एका बाईमुळं. बाई तिथल्या बचत गटाच्या अध्यक्ष. वयानं माझ्याएवढ्याच, आवाज खणखणीत. आग लावणं सोडा म्हणणं सोपं नव्हतं. ज्याच्या वाट्याला झाडं जास्त, त्याला पाला झाडत बसायला वेळ नसतो. ग्रामसभेत म्हातारे म्हणाले, आमचे बापजादे जाळत आले, ही कंपनी कोण. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की जाळ्या वेळेवर येतील, मी हमी घेते. नाही आल्या तर मले धरा. गावानं आग सोडली ती कंपनीच्या शब्दावर नाही, बाईंच्या शब्दावर. मी त्या सभेला होतो. मागच्या बाजूला, अर्थातच गप्प.

पहिली काही वर्षं छान गेली. मग कंपनी वाढली, आणि माझी चिडचिड सुरू झाली.

वाढली म्हणजे काय, तर माणसं आली. चंद्रपुरात विक्रीसाठी एक चाचा घेतले. त्यांच्या घराण्याचा पिढ्यान् पिढ्या किराणा आणि सुकामेव्याचा धंदा, बोलणं गोड, तोलून मापून. आम्ही सगळेच त्यांना चाचा म्हणायचो. भद्रावतीला वाळवण्याचं नि पॅकिंगचं शेड झालं. अहेरीत साळ्याच्या हाताखाली पोरं आली. आणि प्रत्येक माणसाबरोबर एक नवी वस्तू आली. प्रत्येक वस्तूमागं एक चांगलं कारण होतं, हा खरा वैताग. मध का, तर मोहफुलांच्या गावातच मधही मिळतो. बांबू का, तर मध ठेवायला स्टँड लागतो. चारोळी का, तर लाडूत चारोळी पडतेच. अशा चांगल्या कारणांनी माणूस रस्ता सोडून थेट रानात जाऊन उभा राहतो.

शेवटी कोणीतरी सुचवलं म्हणून नागपूरहून एक सल्लागार बोलावला. त्यानं आम्हाला हॉटेलात बसवलं, हातात रंगीत चिठ्ठ्या दिल्या आणि कंपनी म्हणजे काय ते एका वाक्यात लिहायला लावलं. दिवसभर भांडून वाक्य ठरलं: 'फक्त जाळीवरची मोहफुलं, वेळेवर.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि मला मनापासून वाटलं की सुटलो बुवा, आता मला बोलावं लागणार नाही. बोर्डच बोलेल.

तिन्ही ठिकाणी बोर्ड लागले. महिन्याभरानं अहेरीला गेलो तर ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलेलं: 'फक्त जाळीवरची मोहफुलं, वेळेवर, इत्यादी.'

मी साळ्याला विचारलं, हे इत्यादी कुठून आलं. तो सहज म्हणाला, "भाऊजी, पेंटरनं अक्षरं लहान काढली. शेवटाले जागा उरली होती. रिकामी जागा बरी नाई दिसत."

मला हसू आलं. मी चहा घेतला आणि निघालो. त्या दिवशी शिडी मागवून तो शब्द पुसायला लावला असता तर पुढचं कदाचित टळलं असतं, कदाचित नसतं. चाचांना चंद्रपुरात सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "साहेब, इत्यादी में तो पूरी दुनिया आ जाती है." तेही हसले. आम्ही सगळे हसलो आणि आपापल्या इत्यादीला लागलो.

आता गेल्या सालचं सांगतो. हे मी आजवर कागदावर उतरवलेलं नाही.

त्या वर्षी उन्हाळा लवकर तापला. बाईंचा फोन आला की झाडं भरून आली आहेत, फूल पडायला लागेल, जाळ्या पाठवा. मी म्हटलं, पाठवतो. लगेच आलेल्या सोमवारी मीटिंगमध्ये साळ्यानं विषय काढला. पुण्यात वनोपजाचं मोठं प्रदर्शन होतं. आमची एकच मोठी गाडी. ती बांबूच्या वस्तू नि मध घेऊन पुण्याला जाईल, परत आली की जाळ्या गावांना टाकून देऊ. फुलाला अजून वेळ आहे, असं तो म्हणाला. त्याला तसं खरंच वाटत होतं. बाईंचा फोन त्याला आला नव्हता, मला आला होता.

चाचांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. ते एवढंच म्हणाले की जाळी का टाइम है साहेब, देख लो. टेबलावर सगळे माझ्या तोंडाकडं पाहत होते. मी कपातल्या चहावरची साय चमच्यानं बाजूला करत राहिलो.

लोकांना मी नंतर सांगितलं की माझ्या लक्षात राहिलं नाही. हे खोटं आहे. स्वभावच अबोल, असंही सांगून पाहिलं. तेही पूर्ण खरं नाही. खरं हे, की त्या प्रदर्शनात माझा सत्कार होता. शाल, श्रीफळ, स्टेजवर खुर्ची. आयोजकांचा फोन आला होता की तुमचा स्टॉल भरलेला दिसला पाहिजे, फोटो निघतील. नुसती मोहफुलं मांडली तर टेबल ओकंबोकं दिसलं असतं. बांबूनं स्टॉल भरतो. ज्या बांबूवरून मी घरी बायकोचं डोकं खायचो, तोच बांबू मला त्या दिवशी हवा होता. म्हणून मी गप्प बसलो, आणि ती एकच वेळ अशी, की माझ्या गप्प बसण्याचा लोकांनी काढलेला अर्थ बरोबर होता.

पुण्याला गेलो. शाल घेतली. गाडी येताना आणखी कुठला तरी माल भरण्यासाठी थांबली, कारण नाहीतरी ती येतच होती.

इकडं फूल पडायला लागलं. गावानं वाट पाहिली. बायका सकाळी उठून पाल्यातून फुलं चिवडत होत्या आणि रोज बाईंच्या दारावरून जाताना टोमणा मारत होत्या की तुमची कंपनी पंचांग पाहून येते का. बाई साळ्याला फोन करायच्या, तो म्हणायचा गाडी निघाली. मग एका घरानं आपल्या झाडाखाली पाला पेटवला. दुसऱ्यानं पाहिलं, त्यानंही पेटवला. वारा होता. आग नाला ओलांडून गावाच्या राखलेल्या जंगलात शिरली. माणसाला इजा झाली नाही, हे नशीब. पण कोवळं बांबूबन गेलं, मोहाची कितीतरी झाडं होरपळली, आणि आग लागली म्हणून वनखात्याची माणसं गावात आली तेव्हा गावानं बोट दाखवलं ते बाईंकडं. हमी त्यांनी घेतली होती.

याहून वाईट गोष्ट पुढं झाली, आणि तिच्यात कोणाचीच चूक नव्हती. गावानं राखेतून वेचलेली फुलं वाळवून, पोत्यांत भरून बाईंनी आमच्या अहेरीच्या गोदामात आणली. निदान तेवढी विकली गेली तर लोकांचा राग कमी होईल, असा त्यांचा हिशेब. गोदामातल्या पोरानं मूठभर फुलं हातावर घेतली, हात काळा झाला. त्यानं भद्रावतीला विचारलं. भद्रावतीनं सांगितलं, जाळीवरची नाहीत, चालणार नाहीत. चंद्रपूरला विचारलं. चाचांनी सांगितलं, रूल है. साळ्यानंही तेच सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमची तिन्ही ऑफिसं एका सुरात बोलली. सल्लागार तिथं असता तर टाळ्या वाजवल्या असत्या. बाई पोती परत घेऊन गेल्या.

जाळ्यांची गाडी घेऊन मी स्वतः गेलो तोवर हंगाम निम्मा सरला होता. बाई अंगणात होत्या. खाट टाकली, पाणी दिलं. माझ्याशी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भाऊ, तुमची गाडी कुठी होती?" त्यांनी विचारलं.

"बिघडली होती," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. बस. त्यांच्या डोळ्यांकडं पाहून मला वाटलं नाही की त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला असेल. जाताना म्हणाल्या की गटाच्या बायकांनी दुसरी अध्यक्ष नेमायचं ठरवलंय, आणि पुढल्या साली लोक आग लावणारच, आता माझं कोणी ऐकत नाई.

परतीच्या वाटेवर मला सगळ्यांचा राग आला. साळ्याचा, पेंटरचा, सल्लागाराचा, चाचांचा, त्या पोराचा. आष्टीपर्यंत मी एकेकाला मनात झोडपत होतो. पुढं झोडपायला कोणी उरलं नाही.

त्या सोमवारी मी बोललो. चांगलं बोलता आलं नाही, सवय नव्हती. म्हटलं, बांबू बंद. मध बंद. चारोळी बंद. मोठी गाडी फुलं पडायच्या महिनाभर आधीपासून अहेरी सोडणार नाही, माझं लग्न असलं तरी. कोणीतरी दबकत विचारलं की आधीच घेतलेल्या मालाचं काय. म्हटलं, विकून टाका आणि पुन्हा घेऊ नका.

साळा उठून उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "भाऊजी, मी इथीच विचारलं होतं. सगळ्यायच्या पुढं विचारलं होतं. तुमी तवा काऊन नाई बोलले?"

आणि मी सांगितलं. फोन आला होता ते सांगितलं, सत्काराचं सांगितलं, स्टॉल भरलेला दिसायला हवा होता तेही. चाचांनी चष्मा काढून रुमालानं पुसायला घेतला. साळा खाली बसला आणि अगदी हळू म्हणाला, "म्हणजे मले गावाच्या शिव्या खाऊ देल्या तुमी. महिनाभर. त्या बाईले मी फोनवर खोटं बोललो तुमच्यासाठी." हे त्याचं वाक्य मला शालीपेक्षा जड झालं आहे.

पुढं मी बाईंकडं गेलो आणि गाडी बिघडली नव्हती हे सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मले सांगून का होते? मी हमी काई घरात नव्हती घेतली, सभेत घेतली होती. तिथी येऊन सांगा."

ग्रामसभा समाजमंदिरात भरली. मी आयुष्यात इतक्या लोकांपुढं बोललो नव्हतो. दोनदा वाक्य सुटलं. सांगितलं की दोष बाईंचा नाही, कंपनीचाही नाही, माझा आहे. गाडी मी अडवली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, तेवढी शाल तरी चांगली आहे का. सगळे हसले, मी पण. मग त्यांनी त्यांचा निर्णय केला, तो मला विचारून नाही. जाळ्या यापुढं गावात राहतील. कंपनीनं त्या पुन्हा नेऊ नयेत. कोणी कोंबड्यांना लावली तर त्याला गाव पाहील. आग लावणार नाहीत, पण ते बाईंच्या किंवा कंपनीच्या हमीवर नाही, सभेच्या ठरावावर. फुलं कोणाला विकायची ते ज्याचं तो ठरवेल. मी हो म्हटलं. तोंडानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

यंदा त्या गावात आग लागली नाही. इतर गावांनाही आम्ही जाळ्या देऊन टाकल्या. थोड्या गेल्याच कोंबड्यांकडं, जाऊ देत. कंपनी लहान झाली आहे. मीटिंग लवकर संपते. मी आता नाही म्हणतो, कधी कधी गरजेपेक्षा जोरात म्हणतो, आणि चाचा म्हणतात, साहेब, जरा हौले. साळ्यानं काम सोडलं. बांबूचं स्वतःचं दुकान टाकलंय आलापल्लीत, ते चांगलं चाललंय असं बायकोकडून कळतं. आमच्याकडं तो येत नाही. ती यावरून मला काही बोलत नाही, आणि आता घरातल्या त्या गप्पपणाचा अर्थ मीच लावत बसतो.

परवा अहेरीच्या आठवडी बाजारात बाई भेटल्या. एका व्यापाऱ्याच्या काट्याजवळ उभ्या होत्या. पुढ्यात फुलांचं पोतं. गावातले जवळजवळ सगळे आम्हाला फुलं देतात, बाई देत नाहीत, हे मला पावत्यांवरून ठाऊक होतं; डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. पोत्याचं तोंड उघडं होतं. फुलं जाळीवरची होती. व्यापारी त्यांना साध्या फुलांचाच भाव देत होता, आमच्यापेक्षा बराच कमी.

मी नमस्कार केला. त्यांनीही केला, घरच्यांची चौकशी केली. मी म्हटलं, बाई, आमच्याकडं आणा ना, गोदाम इथंच मागं आहे.

"तुमची कंपनी आता नीट चालून राह्यली म्हणतात," त्या म्हणाल्या.

"हो. आता फक्त फुलंच."

"चांगलं झालं भाऊ." त्यांनी पोतं काट्यावर चढवायला हात लावला. मी दुसऱ्या बाजूनं धरू लागलो. त्यांनी नको म्हटलं नाही. आम्ही दोघांनी मिळून ते काट्यावर ठेवलं आणि व्यापाऱ्यानं वजन करायला घेतलं.